पायऱ्या बुजवणारा डॉक्टर

डॉक्टर केशवराव निकम आलेल्या माणसाचे तोंड नंतर पाहत, आधी पाय पाहत. कोरेगावच्या पेठेच्या टोकाला त्यांचा दवाखाना होता. कोणी उंबऱ्यात आले की ते खुर्चीतूनच म्हणत, "धोतर वर घे." ताप असो, खोकला असो, धोतर आधी वर. पाय स्वच्छ निघाला तर डॉक्टरांचा आवाज खाली येई. पायावर फोड आणि फोडातून डोकावणारा पांढरा दोरा दिसला, तर पुढचे बोलणे सगळ्या पेठेला ऐकू जाई. समोरचा कापडवाला आपल्या गिऱ्हाइकाला सांगे, "घाबरू नका. भांडण न्हाई. नारू आलाय."

नारू म्हणजे शेवईएवढा जाड आणि हातभराहून लांब किडा. माणसाच्या अंगात तो वर्षभर वाढतो आणि उन्हाळ्यात बहुधा पायाची कातडी फोडून बाहेर येतो. आग अशी होते की माणूस पाय थंड पाण्यात घालतो. पाय पाण्यात गेला की किडा आपली पिल्ले पाण्यात सोडतो. ते पाणी जो पिईल त्याला पुढच्या उन्हाळ्यात नारू. औषध नव्हतेच. किड्याचे टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज थोडे थोडे ओढायचे. ओढताना तुटला तर पाय सुजतो, पू होतो, गुडघा जन्माचा आखडतो. डॉक्टर हे सगळे एका दमात सांगत: "पायातनं पाण्यात, पाण्यातनं पोटात, पोटातनं पायात. कळलं? मग विहिरीत उतरू नकोस."

जिल्ह्याच्या पूर्वेला, खटाव-माणच्या कोरड्या पट्ट्यात, विहिरी पायऱ्यांच्या होत्या. उन्हाळ्यात पाणी खोल जाई. लोक पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि घागर बुडवत. त्याच पट्ट्यातून दर उन्हाळ्यात बैलगाड्या भरून आखडलेले पाय कोरेगावला येत.

मी तेव्हा साताऱ्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. कोरेगाव माझे गाव, त्यामुळे बाजाराच्या दिवशी बातम्या गोळा करायला मी तिथे असे आणि दवाखान्याच्या बाकावर बसे. निकम वारल्यानंतर त्यांच्याविषयी लोक बोलले त्यात 'वरून कठोर, आतून मऊ' असे शब्द बरेच आले. ते शब्द खोटे आहेत. ते आतूनही कठोर होते. नदीकाठचा ऊस, पेन्शनीत आलेले सुभेदार वडील आणि पुण्यातले वैद्यकीचे शिक्षण एवढे सगळे पाठीशी असलेला माणूस समजुतीने बोलेल अशी लोकांची अपेक्षा होती. निकम समजुतीने बोलत नसत. समजूत घालणे म्हणजे अर्धे मान्य करणे, असे ते म्हणत.

दुसरी मोठी लढाई चालू असतानाचा एक बाजार मला आठवतो. कातळेवाडीचा बिरा धनगर बाकावर पाय पसरून बसला होता. मागच्या उन्हाळ्यात तो उजवा पाय घेऊन आला होता, आता डावा.

"उतरू नको म्हणून सांगितलं होतं ना रं?" डॉक्टर म्हणाले.

"व्हय की."

"मग उतरलास का?"

"आता डाक्टरसाब," बिरा शांतपणे म्हणाला, "मी न्हाई उतरायचं तर पानी काय पायऱ्या चढून वर येनार हाय?"

बाकावरची माणसे हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बिराच्या पायाची काडी फिरवली, नेहमीच्या हलक्या हाताने, आणि मग हातातली चिमट्यांची ताटली दाराबाहेर फेकली. चिमटे पेठेत जाऊन पडले. बिराने ते गोळा करून आणून दिले, लंगडत.

त्याच्या पाठोपाठ त्याच गावची एक बाई दारात उभी होती. आत येत नव्हती. ती महारवाड्यातली भागीरथी. नवरा मुंबईला गिरणीत होता. तिच्या गुडघ्याजवळ नारू होता, कडेवरच्या पोराच्या घोट्यालाही.

"तूही उतरतेस?" डॉक्टर तिच्यावर ओरडले. "पोराला घेऊन?"

"मी?" तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती म्हणाली, "आमाला कोन उतरू देतंय, डाक्टर? आमी काठावर घागर घिऊन बसतो. कुनाला दया आली तर वरनं वततात. जल्मात माझा पाय त्या हिरीला लागला न्हाई."

ज्यांच्या पायांना विहीर माहीत नव्हती त्यांच्या पायांत विहिरीतला किडा होता. पाय गावाचे, पाणी गावाचे, किडा मात्र सगळ्यांना सारखा वाटलेला. डॉक्टरांनी तिला आत बोलावले, खुर्चीवर बसवले, दोन्ही काड्या गुंडाळल्या. बिरा उठून बाहेर गेला.

त्या पावसाळ्यात निकमांनी दवाखाना बंद केला. औषधांची कपाटे बाहेर काढली आणि त्या खोलीत चुन्याच्या गोण्या रचल्या. तपासायच्या टेबलावर थापी, ओळंबा आणि दोऱ्या आल्या. एका गवंड्याच्या हाताखाली ते महिने न् महिने काम करत राहिले आणि मग पूर्व भागात फिरू लागले. पायऱ्या दगडांनी बुजवायच्या, तोंडाला कठडा बांधायचा, कठड्यावर रहाट बसवायचे, पाणी वरूनच काढायचे. लढाईमुळे सिमेंट परवान्याशिवाय मिळत नव्हते, म्हणून चुना. लोखंडी रहाट मिळत नव्हते, म्हणून बाभळीचे. गावाने दगड आणि हात द्यायचे, बाकी डॉक्टरांचे.

सुभेदारांनी मुलाशी बोलणे सोडले. गावात कोण म्हणे डॉक्टरला वेड लागले, कोण म्हणे पत्री सरकारात गेला. विहिरी मोजत हिंडणाऱ्या या माणसाला पोलिसांनी भूमिगतांचा माणूस म्हणून चौकीवर बसवून ठेवले, आणि भूमिगत पोरांनी पोलिसांचा खबऱ्या म्हणून एका मळ्यात अडवले. दोन्ही ठिकाणी निकमांनीच समोरच्यांना पाय दाखवायला लावले. मळ्यातल्या एका पोराला नारू निघाला. त्याला तिथेच शिव्या बसल्या.

त्यांच्या पत्नी सुमित्राबाई आल्यागेल्याला सांगत, "माझ्या वडलांनी जावई डॉक्टर हवा म्हणून पाच गावं पालथी घातली. मिळाला गवंडी. तोही नवशिका."

नवशिके ते होतेच. पहिल्या गावात त्यांनी कठडा छातीएवढा उंच बांधला, कुणी चढून आत जाऊ नये म्हणून. गावच्या बायकांनी भर दुपारी पहारी आणून तो पाडला. निकम धावत गेले आणि तिथल्या एका म्हातारीवर ओरडू लागले. ती म्हातारी त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"किडा पाहिजे का तुम्हाला? किडा?"

"अरं मुडद्या," म्हातारी म्हणाली, "तुझ्या भितीवरनं भरली घागर वडून बघ की. कवा वडलीस जल्मात?"

त्यांनी ओढून पाहिली. घागर कठड्यावर आपटली आणि पाणी त्यांच्याच अंगावर आले. बायका हसून लोळल्या. डॉक्टरांनी त्या म्हातारीला विहिरीशी उभे केले, तिच्या कमरेपाशी दगडावर खडूची रेघ मारली आणि तेवढ्या उंचीचा कठडा पुन्हा बांधला. पुढे प्रत्येक गावात त्यांचे काम असेच सुरू होई. विहीर मोजण्याआधी ते चावडीवर जाऊन म्हणत, "गावातली सगळ्यात बुटकी बाई कोण? बोलवा." बायका एकमेकींना पुढे ढकलत. कुणी रुसे. पण रेघ पडे.

ज्या गावांत पायऱ्या बुजल्या तिथल्या आखडलेल्या पायांच्या गाड्या वर्षा-दीड वर्षाने कोरेगावला यायच्या थांबल्या. हे मी स्वतः बाजारात पाहिले.

कातळेवाडी त्यांनी शेवटी ठेवली होती. तिथली विहीर सगळ्यांत मोठी होती, आणि बिरा व भागीरथी दोघेही तिथलेच. या एका विहिरीच्या पायऱ्या बुजल्या की माझे काम झाले, असे ते म्हणत. गावचे रावजी पाटील सज्जन म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचा थोरला मुलगा सर्जेराव पलटणीत जायला निघाला होता. घरातली तिसरी पिढी. भरतीवाल्यांनी त्याला चार पावले चालायला लावले आणि परत पाठवले. गुडघा नारूने आखडला होता. त्यामुळे पाटलांनी दगड दिले, बैल दिले, चुना मळायची घाणी फिरवायला माणसे दिली. बुटकी बाई म्हणून पाटलीणबाईंची धाकटी जाऊ पुढे आली आणि तिच्या कमरेची रेघ पडली. पायऱ्या दगडांनी भरल्या गेल्या. कठडा चारी अंगांनी वर आला.

मग डॉक्टरांनी रहाटांच्या जागा दाखवल्या. चार बाजूंना चार. पूर्वेची बाजू महारवाड्याकडची.

पाटलांनी चावडीवर बोलावले. मीही गेलो होतो.

"डाक्टर, काम झ्याक झालं," पाटील म्हणाले. "एवढं एक करा. उगवतीच्या अंगाला रहाट नको. आन् तिकडचा कठडा पुरुषभर उंच घ्या."

"का?"

"का म्हंजे? पायऱ्या हुत्या तवा परश्नच नव्हता. उतरनार कोन ते ठरल्यालं हुतं. आता वरनं कोनबी पोहरा टाकंल."

"टाकू दे."

"आसं कसं?"

"पाटील, तुमचा पोरगा लंगडा झाला. भरतीवाल्यांनी हाकलला. पाय पाण्यात घालणारे तुम्ही. पाण्यात किडा सोडणारे तुम्ही. ती बाई काठावर बसून तुमचा किडा प्याली आणि बाटते मात्र विहीर?"

पाटील रागावले नाहीत. त्यांनी सावकाश पान जुळवले. "डाक्टर, नारू काय, उन्हाळ्यात येतंय, पावसाळ्यात जातंय. पाय आखडला तर आखडला, माणूस मरत न्हाई. पर एकदा उगवतीकडनं पोहरा पडला का, गेलं ते परत येत न्हाई."

हे वाक्य मी त्याच वेळी लिहून घेतले. इतके स्पष्ट बोलणारा माणूस मला पुढच्या नोकरीत क्वचितच भेटला. चावडीवर तेव्हा नवा तिरंगा लावलेला होता आणि पाटलांच्या डोक्यावर खादीची टोपी होती. दोन्ही स्वच्छ धुतलेले.

निकम जे बोलले ते छापण्याजोगे नव्हते. पाटलांच्या घराण्याचा, त्यांच्या सज्जनपणाचा आणि टोपीचा त्यांनी उद्धार केला. बाहेर आले तेव्हा भागीरथी चावडीपासून लांब, झाडाखाली उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"उंच करा वो तो कठडा," ती म्हणाली.

"काय?"

"करा उंच. आमी वतून घिऊ. आजवर घेतलंच की. त्येंचं पाय तर पान्यातनं निघालं. पोराचा घोटा सुटंल."

"तूसुद्धा?" डॉक्टर तिच्यावर ओरडले. "तूसुद्धा त्यांचंच बोलतेस?"

"तुमी रागावनार आन् कोरेगावला जानार," ती म्हणाली. "आमी कुटं जावं?"

डॉक्टरांनी कठडा उंच केला नाही. चारी बाजू सारख्या ठेवल्या, पूर्वेच्या बाजूला रहाट तेवढा बसवला नाही, आणि ते निघून आले. ते अर्धवट काम त्यांच्या स्वभावातले नव्हते. त्यांचा आयुष्यातला एकमेव समझोता तो, आणि तो कुणाच्याच उपयोगी पडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी महारवाड्यातल्या बायका विहिरीच्या पूर्वेला घागरी घेऊन बसल्या. पूर्वी पायऱ्यांवरून वर येताना लोक जाताजाता ओतत. आता रहाटावरून पाणी काढून वळसा घालून त्यांच्यापर्यंत जायला कुणाला सवड नव्हती. दुपार झाली. भागीरथीने दोरीला घागर बांधली आणि पूर्वेच्या कठड्यावरून, रहाटाशिवाय, हाताने खाली सोडली. घागर भरून वर आली तोवर गाव गोळा झाले होते. तिची घागर फोडली. तिचा हात मोडला.

संध्याकाळपर्यंत कठडा पाडला. पायऱ्यांतले दगड एकेक करून बाहेर काढले. ज्यांनी भरले त्यांनीच काढले. बिरा होता. सर्जेराव आखडल्या पायाने दगड वाहत होता. पाण्यापर्यंतच्या पायऱ्या मोकळ्या झाल्यावर लोकांनी खाली उतरून, पाण्यात उभे राहून, विहिरीची शुद्धी केली. पाटलांनी नारळ फोडला.

मी ही बातमी सविस्तर लिहून पाठवली. संपादकांनी ती चार ओळींची केली आणि मथळा दिला: 'विहिरीवरून किरकोळ तंटा'.

भागीरथी पोराला घेऊन कोरेगावला आली. डॉक्टरांनी तिचा हात बसवला, लाकडी पट्ट्या बांधल्या आणि ती त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागली. त्यावरून कोरेगावातल्या निम्म्या घरांनी निकमांकडे पाणी प्यायचे बंद केले. सुमित्राबाई म्हणाल्या, "बरं झालं. चहा वाचला." पण त्या बाजारात जायच्या बंद झाल्या.

माझी आणि डॉक्टरांची शेवटची भेट त्याच उन्हाळ्यात झाली. मी त्यांच्या दारात उभा होतो. ते अंगणात चुना कालवत होते, आता यादीबाहेरच्या कुठल्या गावासाठी. एक बैलगाडी येऊन थांबली. पुढे रावजी पाटील, मागे गवतावर सर्जेराव. नारू ओढताना तुटला होता. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि पोरगा तापाने बरळत होता.

पाटील उतरले, हात जोडले. "डाक्टर, आता तुमीच."

"मी डॉक्टर नाही. गवंडी आहे."

"पोरगं जातंय हो."

निकमांनी पोराकडे पाहिले. मग आत वळून पाणी उकळायला सांगितले. गाडीतच, उन्हात, त्यांनी गुडघा फोडला, पू काढला, धुतला, पट्टी बांधली. हात तोच होता, हलका. तोंड बंद होते. काम झाल्यावर पाटील पुन्हा हात जोडू लागले तेव्हा ते बोलले.

"हात खाली घ्या. मी हा पाय बरा करणार, म्हणून तुम्ही पायऱ्या उघड्या ठेवणार. मी काड्या गुंडाळत बसलो म्हणून तुमचं चाललं होतं. म्हणूनच दवाखाना सोडला होता, पाटील. तुम्ही मला परत त्याच खुर्चीत बसवलंत."

गाडीतून सर्जेराव म्हणाला, "पानी."

दाराशी भागीरथी उभी होती, एक हात गळ्यात बांधलेला. तिने आत जाऊन माठातून तांब्या भरून आणला आणि गाडीशी आली. पाटलांनी तोंड फिरवले.

"सर्जेराव," ती म्हणाली, "वरनं वतू का तांब्या हातात दिऊ?"

पोराने तिच्याकडे पाहिले, मग बापाकडे.

"दे," तो म्हणाला.

त्याने तोंड लावून सगळा तांब्या संपवला. तिने तो पुन्हा भरून आणला आणि पाटलांपुढे धरला. ऊन रणरणत होते. पाटलांचे ओठ सुकले होते, ते त्यांनी जिभेने ओले केले. मग ते बैलांकडे गेले, जू तपासले आणि काहीही न घेता गाडीवर चढले. भागीरथीने तांब्या खाली घेतला. गाडी निघाली.

डॉक्टर गाडीकडे पाहत उभे होते. एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. रागाच्या भरात एक सांगायचे राहिले होते. पोराच्या दुसऱ्या घोट्यावर नवा फोड आला होता आणि त्यांनी तो पाहिला होता. ते धावले. चुन्याने पांढरे झालेले हात वर करून, पेठेच्या मधोमध, अनवाणी.

"पाटील! दुसऱ्या पायात अजून एक आहे! त्याला विहिरीत उतरू देऊ नका! पाटील, ऐकताय का? उतरू देऊ नका!"

गाडीवरच्या माणसाने मागे पाहिले नाही. त्याने बैलांना हाकारले. गाडी वळणाआड गेली, तिची धूळ खाली बसली, तरी ते ओरडत होते.